बैठकीत बोललेलं वाक्य

१७ सप्टेंबर १९७८, रविवार

झडतीत नेलेल्या माझ्या जुन्या डायऱ्या काही परत यायच्या नाहीत, म्हणून आज टाउनशिपच्या मार्केटातून ही नवी वही आणली. पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी अ‍ॅडव्होकेट कमलिनी सप्रे आल्या होत्या. राज्याच्या गुप्तवार्ता शाखेनं आणीबाणीत काय काय केलं ते तपासायला आणि तिच्या कारभारात सुधारणा सुचवायला सरकारनं एक समिती नेमली आहे. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, कचेरी शहरातल्या चार इमली भागातल्या एका रिकाम्या बंगल्यात. सप्रेबाई समितीच्या वकील. ज्यांना गुप्त अहवालांवरून आत टाकलं, नोकरीतून काढलं, अशांच्या साक्षी त्या गोळा करताहेत. माझं प्रकरण त्यांना साक्षीसाठी अगदी चोख वाटतं म्हणे. नरहर खेडकर, टर्बाइन विभागातला इंजिनियर, राजकारणाशी संबंध नाही, तरी मिसाखाली तुरुंगात. नंतर सस्पेंड. सरकार बदललं तेव्हा परत कामावर.

मला का उचललं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सप्रेबाईंनी शाखेच्या अहवालातली एक ओळ वाचून दाखवली. इथल्या सरकारी हिंदीत होती, मराठीत अशी: "कारखान्याचा भोंगा एक दिवस बंद पाडला, तर दिल्लीला ऐकू येईल, असे सदर इसम म्हणतो. उत्पादन बंद पाडण्याचा इरादा स्पष्ट दिसतो."

मी हसलो. मग हसू थांबलं. हे मी बोललो होतो. पण सभेत नाही, गेटवर नाही. माझ्याच बैठकीच्या खोलीत, पोहे खाताना, गंमत म्हणून.

शशिकला चहा घेऊन येत होती. तिच्या हातातला ट्रे असा हिंदकळला की दोन कप बशीत रिकामे झाले. घरातल्या गोष्टी पोलिसांपर्यंत गेल्या होत्या हे ऐकून कुणाचाही हात कापेल.

२३ सप्टेंबर

आठवडाभर एकच विचार. त्या दिवशी खोलीत होतं कोण? मी. शशी. अशोक, माझ्याच विभागातला. आणि शेजारच्या क्वार्टरमधला दत्तू पिंपळखुटे, अकाउंट्समधला.

अशोक माझ्याबरोबरच आत गेला आणि तिथून दमा घेऊन आला. तो नव्हे. उरला दत्तू.

आता मागचं सगळं वेगळं दिसायला लागलं. मी आत असताना त्याला बढती मिळाली. मला नेलं त्या सकाळी तो दाराशी आला नाही, खिडकीच्या पडद्याआडून बघत होता. आणि हा माणूस कधीच मत देत नाही. कशाबद्दलही. "असं म्हणता, नरहरराव?" एवढंच म्हणतो आणि ऐकत बसतो. इतकं ऐकायची गरज कुणाला असते?

आणखी एक. मी "भोंगा बंद पाडला तर" म्हटलंच नव्हतं. "भोंगा थांबला तर" म्हटलं होतं. मला नक्की आठवतंय. 'थांबला' हा विनोद होता, 'बंद पाडला' हा कट झाला. कुणीतरी मुद्दाम शब्द फिरवला.

शशीला सांगितलं. ती म्हणाली, "दत्तूभाऊजी असं करणार नाहीत."

"कशावरून?"

"अहो, सांगणाऱ्याला आपण काय सांगतोय हेच माहीत नसलं तर?"

मी म्हटलं, अकाउंट्सचा माणूस आहे तो, त्याला प्रत्येक आकड्याची किंमत माहीत असते. विजया पिंपळखुटे तिची मैत्रीण आहे. तिला जड जाणार.

८ ऑक्टोबर, रविवार

दत्तू दर रविवारी जेवण झालं की कापडी पिशवी घेऊन बसनं शहरात जातो. कुठे ते कुणालाच माहीत नाही. विजयावहिनी म्हणतात, "काम असतं." रविवारी अकाउंट्सचं कुठलं काम?

आज मी मागच्या बसनं गेलो, बराच वेळ शोधत फिरलो. जुन्या शहरात इब्राहिमपुऱ्याच्या एका गल्लीत तो शिरला तेव्हा मला दिसला. तळमजल्यावरच्या एका खोलीत गेला. दार उघडंच होतं. मी समोरच्या हॉटेलात बसलो. आत एक वयस्कर, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. दत्तूनं पिशवीतून कागद काढून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली, लाल पेन्सिलीनं खुणा केल्या. एका ठिकाणी ते जोरात काही म्हणाले, दत्तूनं कानाला हात लावला आणि दोघंही हसले. मग दत्तूनं तिथल्या तिथे पुन्हा लिहून दाखवलं. उजवीकडून डावीकडे.

म्हणजे लिपीसुद्धा अशी, की टाउनशिपमध्ये कागद सापडला तरी कुणाला वाचता येऊ नये.

माझी अजून चौकशी चालू असेल का? लिहिता लिहिता उठून खिडकी लावून आलो.

९ ऑक्टोबर

आज कँटीनमध्ये दत्तूनं मला विचारलं, "नरहरराव, काल शहरात होता का? आमच्या अकाउंट्समधल्या सुभेदारानं पाहिलं म्हणे तुम्हाला."

मी म्हटलं, चष्मा दुरुस्तीला गेलो होतो.

म्हणजे माझ्यावर नजर आहेच. खोटं बोलताना जीभ अडखळली नाही, याचं जरा नवल वाटलं.

२९ ऑक्टोबर, रविवार

महाराष्ट्र मंडळाची वार्षिक सभा. दत्तू बरीच वर्षं खजिनदार. मी उठून काही आरोप केला नाही. सभेच्या आधी चार-पाच जणांशी बोललो होतो, एवढंच. "नाव घेत नाही, पण माझ्या घरात बसून माझंच बोलणं वर पोचवणारा माणूस आपल्यातच आहे. आणि तो लांब राहतो असंही नाही, शेजारीच." एवढ्यावर लोकांना कळतं.

खजिनदारपदासाठी दुसरं नाव पुढे आलं. दत्तूच्या बाजूनं एकही हात वर झाला नाही. त्यानं उठून सगळ्या पावत्या, चेकबुक, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "काही चूक झाली असेल तर सांगा. दुरुस्त करीन." कुणी बोललं नाही. मीही नाही.

घरी आल्यावर शशी म्हणाली, "त्यांना निदान सांगायचं तरी, कशाबद्दल काढताय ते."

मी म्हटलं, "मला सांगितलं होतं का कुणी?"

२ नोव्हेंबर

दिवाळीचं फराळाचं ताट शशीनं शेजारी पाठवलं. मी नको म्हणून सांगितलं होतं. ताट रिकामं आलं नाही, विजयावहिनींनी त्यात अनारसे घातले होते. मी खाल्ले नाहीत. शशी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून खात होती आणि रडत होती. तिची तब्येत बरी नाही. जेवण निम्म्यावर आलंय, परवा दूध करपलं तरी तिला वास आला नाही. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या दिल्यात.

तिला विचारलं, समितीपुढे मी उभा राहणार याची भीती वाटते का? म्हणाली, "हो." एवढं मोकळेपणानं बोलली याचं बरं वाटलं.

१० डिसेंबर, रविवार

सप्रेबाई माझं निवेदन घेऊन आल्या होत्या. त्यांच्या म्हणण्यानं ते बरं आहे, पण शेवटची मागणी काढून टाका. मी लिहिलंय: ज्याच्या सांगण्यावरून माणसाला आत टाकलं, त्या खबऱ्याचं नाव जाहीर झालं पाहिजे.

त्या म्हणाल्या, "खेडकरसाहेब, ही शाखा कुठल्या कायद्याखाली चालते हे मी तिच्या अधिकाऱ्यांना विचारलं. त्यांना सांगता आलं नाही. ती कुणाला जबाबदार आहे ते माहीत नाही. ऐकीव काय आणि तपासलेलं काय, दोन्ही एकाच शाईत लिहितात. हे बदलायचंय. माणसाविरुद्ध जे सांगितलंय ते त्याला दाखवा, त्याचं म्हणणं ऐका, हा कायदा हवा. नावं घेऊन काय करणार?"

"मला शेजारी कोण राहतो ते कळलं पाहिजे."

"आणि उद्या कुणाला खरोखरच बॉम्बची खबर द्यायची असेल, तो येईल का, नाव छापलं जाणार म्हटल्यावर?"

मी ऐकलं नाही. या बाईंना तरी समितीवर कुणी बसवलं? त्यांचे सासरे म्हणे पूर्वी गृहखात्यात होते. सप्रेबाई निघाल्या तेव्हा शशी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेली आणि बराच वेळ बोलत उभी होती. काय विचारत होतीस, म्हटलं. म्हणाली, "काही नाही. ज्यांनी नुसतंच सांगितलं, त्यांनाही शिक्षा होते का, ते विचारलं."

दत्तूची बाजू घेणं तिनं अजून सोडलं नाही. आता मला घरातही जपून बोलावं लागतं. उद्यापासून वही ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची.

१८ जानेवारी १९७९

शेजारच्या दारावर सकाळी खडूनं मोठ्या अक्षरांत 'खबरी' लिहिलेलं होतं. मी लिहिलं नाही. कुणी लिहिलं तेही मला माहीत नाही. कामावर निघालो तेव्हा शशी पदर खोचून, ओलं फडकं घेऊन ते पुसत होती. गल्लीतले सगळे बघत होते. मी तिला हाक मारली. तिनं ऐकलं नाही असं दाखवलं.

या वर्षी मंडळाच्या हळदीकुंकवाला विजयावहिनींना बोलावणं नव्हतं. शशीही गेली नाही.

अशोक भेटला. म्हणाला, "यार नरहर, दत्तूनं लिबियाच्या प्रोजेक्टवर जायला अर्ज केलाय. घरदार सोडून इतक्या लांब, या वयात. तू पक्का आहेस ना?" मी म्हटलं, पळतोय म्हणजेच पक्का.

पण रस्ताभर ते 'पक्का आहेस ना' डोक्यात फिरत राहिलं. दत्तूनं माझं नुकसान होईल असं काही केलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय का? नाही. जे पाहिलं ते सगळं आधी ठरवून पाहिलं. हे लिहून ठेवतो. परवा पुन्हा वेगळं वाटेल.

१२ फेब्रुवारी

साक्षीच्या तयारीसाठी वही परवाच ऑफिसातून घरी आणली होती.

चार इमलीच्या त्या बंगल्यात आज माझी साक्ष होती. मोठा हॉल, मागे खुर्च्यांवर तीस-चाळीस लोक, वर्तमानपत्रवाले. आधी शाखेच्या अधिकाऱ्याची साक्ष झाली. नीटनेटका, हळू बोलणारा माणूस. अध्यक्षांनी विचारलं, "या वाक्याची तुम्ही शहानिशा केली?" तो म्हणाला, "सर, आम्ही फक्त कळवतो. काय करायचं ते वरचे ठरवतात." वरच्यांनी मागच्या महिन्यात म्हणे सांगितलं होतं, की आम्ही फक्त खालून आलेल्यावर सही करतो.

मग मी. सगळं सांगितलं. आवाज चांगला लागला होता. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "आपको समिति से क्या चाहिए?"

"नाम चाहिए, सर. और मुझे मालूम है, कौन है."

सप्रेबाई उठल्या. "सर, साक्षीदारानं पुराव्याशिवाय कुणाचं नाव घेऊ नये, अशी माझी विनंती आहे."

तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बघतो तर शशी. शेजारी विजया पिंपळखुटे. दोघी टाउनशिपच्या बसनं बरोबर आल्या असणार. माझ्या मनात पहिला विचार काय आला, तर विजयावहिनींनी हिला दयायाचना करायला ओढून आणलं.

"मुझे बोलना है," शशी म्हणाली. "वो बात मैंने बताई थी."

हॉलमध्ये कुजबुज झाली. अध्यक्षांनी तिला पुढे बोलावलं. ती माझ्याजवळून गेली पण माझ्याकडे बघितलं नाही. हिंदीत सुरुवात केली, मग हिंदी सुटली आणि मराठीतच बोलायला लागली. सप्रेबाई अध्यक्षांना हिंदीत सांगत गेल्या.

"आणीबाणी लागल्यावर महिन्याभरानं एक माणूस घरी आला. हे कामावर होते. म्हणाला, साहेबांच्या प्रमोशनची चौकशी आहे, घरच्यांना दोन गोष्टी विचारायच्या असतात. आपल्याकडचं मराठी बोलत होता. आर्वीचा आहे म्हणाला. माझं माहेर वर्ध्याचं. इथे इतक्या वर्षांत कुणी असं बोलणारं भेटलं नव्हतं, मी बसा म्हटलं, चहा केला. मग आणखी एक-दोनदा आला. कामगारांत साहेब कसे आहेत, विचारलं. मी म्हटलं, कामगार ह्यांच्यावर जीव टाकतात. हे मनात आणतील तर भोंगासुद्धा बंद पाडतील, दिल्लीला ऐकू जाईल. ह्यांचीच गंमत मी मोठी करून सांगितली. मला वाटलं, प्रमोशन होईल."

"आपको कब पता चला?"

"वकीलबाईंनी ते वाचून दाखवलं तेव्हा. हे 'थांबला' म्हणाले होते. 'बंद पाडला' हा शब्द माझा आहे." मग ती वळली आणि विजयावहिनींकडे हात करून म्हणाली, "ह्यांच्या घराचा ह्यात काही संबंध नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

अध्यक्षांनी त्या अधिकाऱ्याला पुन्हा उभं केलं. "तुमच्या माणसानं या बाईंना खोटं का सांगितलं?"

तो तितक्याच हळू आवाजात म्हणाला, "खरं सांगितलं तर कोण बोलेल, सर?"

मी साक्षीदाराच्या खुर्चीतच होतो. मला कुणी उठायला सांगितलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी

रजा टाकली.

काल बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो. घरी आल्यावर मी जे बोललो ते लिहीत नाही. एवढंच लिहितो, की तुरुंगातल्या एकेका रात्रीचा हिशेब मी तिच्याकडे मागितला. अशोकच्या दम्याचासुद्धा. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला त्या माणसानं फसवलं. तुम्हाला कुणी फसवलं हो? दत्तूभाऊजींना विचारलंत का एकदा तरी?"

नंतर सांगितलं, की काल सकाळी ती आधी विजयावहिनींकडे गेली, त्यांना सगळं सांगितलं, आणि विजयावहिनी म्हणाल्या, "चला, मी येते बरोबर. एकट्यानं नाही जाववणार तुम्हाला."

मी कुणाहीबरोबर गेलो नसतो.

१९ फेब्रुवारी

सहा दिवस शेजारचं दार टाळलं. आज गेलो. दत्तूनंच उघडलं. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हटलं, "दत्तूभाऊ, माझी चूक झाली." त्यानं आत या म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

"रविवारचं काय असतं ते विचारायचं होतं ना तुम्हाला?" तो म्हणाला. "उर्दू शिकतो. गझलेची आवड आहे. मंडळातले हसतील म्हणून बोललो नाही. आमचे उस्ताद म्हणत होते, समोरच्या हॉटेलात तुमचे कुणी साहेब बसलेत, त्यांना आत बोलवा, चहा पिऊ. मीच नको म्हटलं. म्हटलं, नरहरराव ओळख दाखवत नाहीत तर काही कारण असेल."

म्हणजे त्यानं मला त्याच दिवशी पाहिलं होतं. सुभेदाराचं नाव नुसतं पुढे केलं होतं, मला खरं सांगायला सोपं जावं म्हणून. आणि मी चष्म्याचं सांगितलं.

"मंडळात सगळ्यांसमोर सांगतो," मी म्हटलं.

"सांगा. पण आम्ही जाणार हे ठरलंय." आणि त्यानं दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

४ मार्च, रविवार

मंडळात बोललो. विचारपूर्वक लिहून नेलं होतं, ते न वाचता बोललो. लोकांनी माना खाली घातल्या. नंतर एकजण मला बाजूला घेऊन म्हणाला, "जाऊ द्या हो खेडकर. पण दत्तूचं काहीतरी होतंच म्हणतात." मी विचारलं, कोण म्हणतं? तो म्हणाला, "तुम्हीच नाही का म्हणाला होतात?"

सप्रेबाईंना निवेदन दुरुस्त करून पाठवलं. नावाची मागणी काढली. त्याऐवजी लिहिलं, की माणसाबद्दल जे विचारायचं ते कोण, कशासाठी विचारतंय हे सांगून विचारावं, आणि जे लिहून घेतलं ते त्या माणसाला दाखवावं. खाली शशीनंही सही केली. अहवाल पुढच्या महिन्यात सरकारकडे जाईल. छापला जाईलच असं सप्रेबाईसुद्धा म्हणत नाहीत.

शशी माझ्याशी बोलते. जेवण, भाजी, बिलं. आम्ही दोघंही शब्द तोलून वापरतो.

२१ एप्रिल

आज सकाळी दहाच्या सुमाराला एक माणूस आला. सफारी सूट, हातात फाइल. "पिंपळखुटे शेजारी राहतात ना? फॉरेन पोस्टिंगचं व्हेरिफिकेशन आहे. तुम्ही जुने शेजारी, म्हणून तुमच्याकडे आलो. माणूस कसा आहे? घरी कोण येतं-जातं? रविवारी शहरात जातात म्हणे, मुसलमान वस्तीत?"

म्हणजे कुणीतरी आधीच सांगितलेलं आहे. आणि ते कुणापासून सुरू झालं हे मला माहीत आहे.

शशी आतून दारात येऊन उभी राहिली. ती माझ्याकडे बघत होती, त्या माणसाकडे नाही.

मी म्हटलं, "बसा. एक मिनिट." आणि शेजारी जाऊन कडी वाजवली. "दत्तूभाऊ, तुमच्याबद्दल विचारायला माणूस आलाय. माझ्या घरी बसलाय. तुम्ही चला."

दत्तूनं शर्ट चढवला आणि आला. विजयावहिनीही आल्या.

तो माणूस अर्धवट उठला. "नाही साहेब, असं नसतं. यांच्यासमोर कसं विचारणार?"

"आत्ता मला विचारलंत तसंच," मी म्हटलं. "नाहीतर मी एक शब्द बोलणार नाही. तुमचं नाव आणि कचेरी तेवढी आधी सांगा."

त्यानं नाइलाजानं सांगितलं. शशीनं ते मोठ्यानं पुन्हा म्हटलं, बरोबर ऐकलं का ते विचारून घेतलं. दत्तू दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर बसला होता, पाहुण्यासारखा. या खोलीत तो सहा महिन्यांनी आला होता.

"बोला," तो माणूस फाइल उघडून चिडक्या आवाजात म्हणाला. "तुमचं यांच्याविषयी मत काय?"

दत्तू म्हणाला, "मलाही ऐकायचंय."

मी सांगितलं. रविवारी तो कुठे जातो आणि काय शिकतो. मंडळाचा पैसा त्यानं किती वर्षं सांभाळला. मग म्हटलं, "आणि हेही लिहा. यांच्याबद्दल टाउनशिपमध्ये जे काही वाईट ऐकाल, ते मी उठवलेलं आहे. ते खोटं आहे. खाली माझी सही घ्या."

"एवढं कशाला लिहायचं, साहेब?"

"लिहा," शशी म्हणाली. ती आता खोलीच्या मध्यापर्यंत आली होती. "आणि लिहून झालं की वाचून दाखवा. सगळ्यांना."

त्यानं लिहिलं. वाचायला लागला. 'उर्दू' या शब्दाशी त्यानं काहीतरी निराळंच लिहिलं होतं. दत्तू खुर्चीवरून पुढे वाकला आणि म्हणाला, "नाही. ते खोडा. मी सांगतो तसं लिहा."